पेशी वाढल्या, मग गोळ्या कशाला?

सारोळ्याहून (ता. भोर) एका भगिनीचे पत्र आले आहे. नाव अर्थातच छापत नाही. गावाचे नाव छापायला मात्र त्यांनी आपणहून परवानगी दिली आहे. "गाव हमरस्त्यावर आहे, कोणाचे पत्र ते कोणाला कळणार," असे त्या लिहितात. पत्राचा मुख्य भाग असा :

"आमचे मालक ट्रकवर आहेत. त्यांना ही लागण असल्याचे सहा वर्षांपूर्वी कळले. तेव्हा पेशी १४० होत्या. सरकारी केंद्रातून गोळ्या सुरू झाल्या. आता कागदावर पेशी ६१२ आल्या. त्या दिवसापासून त्यांनी गोळ्या सोडल्या. म्हणतात, पेशी भरल्या, आता गोळ्या कशाला? दोन महिने झाले, तब्येत ठणठणीत आहे. मी काय बोलू? माझी तपासणी तीन वर्षांपूर्वी झाली, ती चांगली आली. दुसरे म्हणजे सासूबाई त्यांचे ताट-पेला वेगळा ठेवतात, ते बरोबर आहे का?"

ताई, उत्तर आधी देतो आणि कारण मागाहून. गोळ्या पुन्हा सुरू व्हायलाच हव्यात, त्याही या आठवड्यात. मात्र घरात उरलेल्या गोळ्या मनानेच घेऊ नयेत, केंद्रातल्या डॉक्टरांना "दोन महिने बंद होत्या" असे खरे सांगून सुरू कराव्यात. डॉक्टर रागावतील म्हणून जाणे टाळणारे पुष्कळ असतात. रागावले तर रागावू द्यावे.

आता कारण. तुमच्या मालकांचा हिशेब वरवर पाहता चुकीचा वाटत नाही. खत घातले, पीक आले, खत बंद. पण ६१२ हा आकडा नेमके काय मोजतो आणि काय मोजत नाही, हे त्यांना कोणी समजावून सांगितलेले दिसत नाही. गोळ्या घेणारी शेकडो माणसे एकमेकांना "तुझ्या पेशी किती?" असे विचारतात. कोणत्या पेशी, हे फार थोड्यांना ठाऊक असते. म्हणून आज जरा खोलात जातो.

आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. त्यांतल्या एका जातीला लिम्फोसाइट म्हणतात आणि रोगजंतूंशी लढण्याचा मोठा भार त्यांच्यावर असतो. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या तर या सगळ्या सारख्याच दिसतात : गोल, मध्ये मोठे काळपट केंद्र, भोवती थोडीशी जागा. कोणती पेशी हुकूम देणारी आणि कोणती प्रत्यक्ष मारणारी, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. तो फरक पेशीच्या बाहेरच्या आवरणावर उभ्या असलेल्या प्रथिनांवरून कळतो. शास्त्रज्ञ त्यांना मार्कर म्हणतात, आपण खुणा म्हणू.

सारोळ्याच्या लोकांना हे समजायला अवघड जाऊ नये. गाव ओलांडले की नीरेचा पूल, पुलापलीकडे सातारा जिल्हा. रस्त्याकडेला उभे राहिले तर सगळे ट्रक सारखेच दिसतात, पण पाटीवर एमएच १२ असेल तर गाडी पुण्याची, एमएच ११ असेल तर साताऱ्याची, ०९ कोल्हापूरची आणि केए म्हणजे कर्नाटकातली. गाडी उघडून पाहावी लागत नाही. पेशींच्या पाट्यांनाही असेच क्रमांक आहेत. सीडी ही अक्षरे आणि पुढे आकडा. १९८२ साली पॅरिसला जमलेल्या शास्त्रज्ञांनी ही पद्धत लावून दिली. आज असे साडेतीनशेहून अधिक क्रमांक आहेत. सगळ्या टी लिम्फोसाइटांवर सीडी३ ही पाटी असते. त्यांतल्या ज्यांच्यावर सीडी४ असते त्या मदतनीस पेशी. इतर पेशींना कामाला लावणे, हे त्यांचे काम. ज्यांच्यावर सीडी८ असते त्या मारक पेशी. विषाणू शिरलेली पेशी हुडकून तिला संपविणे, हे त्यांचे काम. कागदावरच्या "पेशी" म्हणजे या सीडी४वाल्या. निरोगी प्रौढ माणसात रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये त्या साधारण ५०० ते १५०० असतात.

पाटी वाचायची कशी? त्यासाठी त्या एकाच खुणेला चिकटणारे प्रतिपिंड लागते. अशी एकजिनसी प्रतिपिंडे हवी तितकी बनविण्याची युक्ती कोलर आणि मिल्स्टाइन या दोघांनी १९७५ साली शोधली. त्यांनी तिचे पेटंट घेतले नाही, हे आम्हाला मुद्दाम नोंदवावेसे वाटते. १९८४ साली त्यांना नोबेल मिळाले. या प्रतिपिंडाला चमकणारा रंग जोडतात आणि ते रक्तात मिसळतात. मग फ्लो सायटोमीटर नावाच्या यंत्रातून पेशी एकामागून एक सोडतात. खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर एकेका रांगेतून गाडी जाते, तशीच प्रत्येक पेशी लेझरच्या किरणापुढून जाते. जी चमकली ती मोजली. केंद्रात जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त घेतात ते या मोजणीसाठी. देशभरातली ही मोजणी अचूक येते की नाही, याची पडताळणी करण्याचे काम आपल्या पुण्याच्या, भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेकडे आले. १९९२ साली ही संस्था स्थापन झाली. तिचे नाव हल्ली बदलले आहे, पण लोक अजून 'नारी' असेच म्हणतात.

हा रोग मुळात ओळखला गेला तोही खुणांवरूनच. १९८१ साली अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसला पाच तरुणांना एक विचित्र न्युमोनिया झाल्याची नोंद झाली. डॉ. मायकेल गॉटलीब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांचे रक्त त्या नव्या प्रतिपिंडांनी तपासले, तेव्हा मदतनीस पेशी जवळपास नाहीशा झालेल्या आढळल्या. विषाणू सापडायला पुढे दोन वर्षे लागली. भारतात ही लागण १९८६ साली मद्रासला डॉ. सुनीती सॉलोमन यांनी प्रथम दाखवून दिली. या बाई माहेरच्या गायतोंडे, मराठी घरातल्या.

मग १९८४ साली लंडन आणि पॅरिस येथल्या दोन गटांनी एक चमत्कारिक गोष्ट सिद्ध केली. ज्या सीडी४ खुणेने मदतनीस पेशी ओळखली जाते, तीच खूण पकडून विषाणू पेशीत शिरतो. पाटी हीच दाराची कडी! पण एका कडीने दार उघडत नाही. दुसरी कडी शोधायला आणखी बारा वर्षे गेली. १९९६ साली ती सापडली : सीसीआर५ नावाचे प्रथिन आणि काही विषाणूंसाठी त्याऐवजी सीएक्ससीआर४. पाश्चात्त्य देशांतल्या पुष्कळ रुग्णांत आजार वाढत गेला की विषाणू पहिली कडी सोडून दुसरी धरतो आणि मग पेशी झपाट्याने ढासळतात. आपल्याकडचा विषाणू मुख्यतः 'सी' या उपप्रकारातला आहे. त्याचे काय? हे पुण्यातल्या शास्त्रज्ञांनी तपासले आणि २००० साली प्रसिद्ध केले. आजार पुढच्या टप्प्याला गेलेल्या भारतीय रुग्णांतही विषाणू सीसीआर५लाच धरून राहिलेला दिसला. नंतर इतरांना तुरळक अपवाद सापडले. काही युरोपीय माणसांत जन्मतःच ही सीसीआर५ची कडी नसते आणि त्यांना सहसा ही लागण होत नाही. आपल्या लोकांत हे वैगुण्य (की भाग्य?) फारच दुर्मीळ आहे, तेव्हा त्यावर विसंबून चालणार नाही.

विषाणू आत शिरला की पहिल्या काही कामांतले एक म्हणजे ज्या खुणेने आत आला तीच पुसणे. 'नेफ' नावाचे त्याचे एक प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावरची सीडी४ आत ओढून घेते आणि पेशीच्या कचराकुंडीत टाकते. 'व्हीपीयू' नावाचे दुसरे प्रथिन आत नव्याने तयार होणारी सीडी४ वर पोचण्याआधीच नष्ट करवते. हा खटाटोप कशासाठी? बाहेर पडणारे नवे विषाणू दारातल्या त्याच कडीला चिकटून बसू नयेत, हे एक. त्याच पेशीत पुन्हा पुन्हा लागण होऊ नये, हे दुसरे. तिसरे कारण नंतर कळले. सीडी४ जागेवर राहिली तर विषाणूचे बाहेरचे कवच तिच्याशी अडकून उघडे पडते आणि शरीरातल्या प्रतिपिंडांना ते सापडते. म्हणजे चोरीच्या गाडीची पाटी काढून टाकण्यातलाच प्रकार.

याहून बेरकी काम पुढचे आहे. आपली प्रत्येक पेशी आपल्या आत काय चालले आहे, त्याचा नमुना एचएलए नावाच्या प्रथिनांवर मांडून बाहेर दाखवीत असते. मारक पेशी तो पाहून आत विषाणू आहे की नाही हे ठरवतात. नेफ यांतले 'ए' आणि 'बी' हे नमुने आत ओढून लपवतो, पण 'सी' बहुतांशी तसाच ठेवतो. सगळेच लपवले असते तर? ज्या पेशीकडे मुळीच ओळखपत्र नाही तिला मारणारी दुसरी एक जात रक्तात फिरत असते, तिने गाठले असते. आम्ही हे प्रथम वाचले तेव्हा, ज्याला धड जिवंतही म्हणता येत नाही अशा कणाला हे सुचते कसे, याचा अचंबा वाटला. त्याला सुचत काही नाही. लाखो चुकार नकला होतात आणि ज्या निसटतात त्याच उरतात.

येथे एक गैरसमज होण्यासारखा आहे. कागदावरचा आकडा खाली येतो तो पाट्या पुसल्यामुळे येत नाही. कोणत्याही वेळी रक्तातल्या फार थोड्या पेशींत विषाणू असतो. आकडा घटतो तो पेशी खरोखर मरतात म्हणून, आणि त्यांत ज्यांच्यात विषाणूची पुरती वाढही झाली नाही अशा शेजारच्या पेशी मोठ्या संख्येने असतात. सर्वांत मोठा संहार तर आतड्यात होतो, पहिल्या काही आठवड्यांतच, माणसाला काही कळायच्या आत.

ज्या उरतात त्यांच्या अंगावरही खुणा बदलतात. मारक पेशींवर सीडी३८ आणि एचएलए-डीआर या खुणा वाढतात. या 'जागरण' चालू असल्याच्या खुणा. शरीर रात्रंदिवस लढाईच्या पवित्र्यात राहते आणि त्यानेच झिजते. ज्या रुग्णांत सीडी३८ फार चढलेली, त्यांचा आजार लवकर बळावतो, हे १९९० च्या दशकात अमेरिकेत दिसून आले. पुढे २००६ साली दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनच्या रुग्णांत पीडी-१ ही खूण वाढलेली आढळली. ती थकव्याची खूण. पेशी आहे, विषाणू ओळखतेही, पण हात उचलत नाही. म्हणजे नुसती संख्या पाहून भागत नाही. गावात पोलीस किती यापेक्षा जागचे उठणारे किती, हा प्रश्न मोठा.

गोळ्यांनी हे सारे पुष्कळ अंशी सुधारते. विषाणूच्या नव्या नकला बंद पडतात, पेशींना श्वास घ्यायला फुरसत मिळते, १४० च्या ६१२ होतात. ताई, तुमच्या मालकांनी सहा वर्षे नेमाने गोळ्या घेतल्या म्हणूनच हे झाले. ते श्रेय त्यांचे आहे आणि त्यांना ते जरूर सांगा.

पण आता मूळ प्रश्नाचे मर्म. विषाणू काही मदतनीस पेशींत शिरतो आणि आपला मजकूर त्या पेशीच्या गुणसूत्रांत शिवून टाकतो. पुढे त्यांतल्या काही पेशी झोपी जातात. वर्षानुवर्षे झोपतात. अशा पेशीत नेफ तयार होत नाही, व्हीपीयू नाही, काहीच नाही. तिच्यावरची सीडी४ची पाटी जागेवर, एचएलए जागेवर, सगळे सरळ. १९९७ साली या झोपलेल्या पेशी गोळ्या नीट घेणाऱ्यांतही सापडल्या. त्यांना बाहेरून ओळखता येईल अशी खूण शोधण्याचा प्रयत्न जगभर चालू आहे. २०१७ साली एक सापडल्याचा गाजावाजा झाला, पण इतर प्रयोगशाळांना तसे आढळले नाही. भरवशाची खूण आजही हाती नाही. आणि फ्लो सायटोमीटर काय मोजतो? पाट्या. म्हणजे मालकांच्या त्या ६१२ मध्ये ज्यांच्या पोटात विषाणू निजला आहे अशा काही पेशीही मोजल्या गेल्या असणार, धडधाकट म्हणून!

गोळ्या बंद झाल्या की यांतल्या काही जाग्या होतात. बहुतेकांत दोन ते चार आठवड्यांत विषाणू रक्तात परत दिसू लागतो. पेशींचा आकडा मात्र पडायला वेळ घेतो, महिने लागतात. म्हणूनच आज त्यांनी पुन्हा पेशी तपासल्या तर ४००–५०० असा आकडा येईलही, आणि ते म्हणतील, पाहा, काही बिघडले नाही. तब्येत ठणठणीत असण्याचे कारणही हेच. या घटकेला विचारायची तपासणी ती नव्हे. विषाणू किती आहे हे मोजणारी व्हायरल लोड तपासणी सरकारी केंद्रांमार्फत मोफत होते, ती मागून घ्यावी.

पेशी भरल्यावर गोळ्या थांबवून पाहाव्यात, हा विचार तुमच्या मालकांच्या आधी मोठमोठ्या डॉक्टरांनीही केला होता. ३३ देशांतल्या ५,४७२ रुग्णांवर त्याची परीक्षा झाली. अर्ध्यांना गोळ्या सतत दिल्या. उरलेल्यांच्या पेशी ३५० च्या वर असल्या की बंद, २५० च्या खाली गेल्या की सुरू. जानेवारी २००६ मध्ये ही परीक्षा मध्येच आवरती घ्यावी लागली. थांबून-थांबून घेणाऱ्यांत गंभीर आजार आणि मृत्यू दुपटीहून जास्त होते. हृदय, यकृत आणि मूत्रपिंडाचे आजारही वाढले होते. जागरणाच्या खुणांबद्दल वर लिहिले ते येथे आठवावे.

आकड्याबद्दलचा हा गोंधळ लोकांत का रुजला, तेही सांगतो. १ एप्रिल २००४ पासून सरकारने मोफत गोळ्या सुरू केल्या तेव्हा पेशी २०० च्या खाली गेल्याशिवाय त्या सहसा मिळत नसत. पुढे ही मर्यादा ३५० झाली, मग ५००. गोळ्या आणि आकडा यांची गाठ लोकांच्या मनात तेव्हापासून पडली. २०१७ पासून आकड्याची अटच राहिली नाही. लागण कळली की गोळ्या सुरू, आकडा ९०० का असेना. जी वस्तू आकडा पाहून सुरू होत नाही ती आकडा पाहून बंदही होत नाही, असे मालकांना सांगून पाहा. लांबच्या फेरीमुळे केंद्रात यायला जमत नसेल तर तसे डॉक्टरांना सांगावे. नियमित रुग्णाला जास्त दिवसांच्या गोळ्या एकदम देण्याची सोय आहे.

आता तुमच्याविषयी, कारण पत्रात तुम्ही स्वतःसाठी एक ओळ लिहिली आहे आणि आम्हाला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. २०११ साली जाहीर झालेल्या एका अभ्यासात नऊ देशांतली १,७६३ जोडपी होती. एकाला लागण, दुसऱ्याला नाही, अशी. पुण्याची नारी संस्थाही त्यात होती. लवकर गोळ्या सुरू केलेल्यांकडून जोडीदाराला लागण होण्याचे प्रमाण ९६ टक्क्यांनी कमी झाले. व्हायरल लोड दबलेला राहिला तर शरीरसंबंधातून लागण होत नाही, हे आज पक्के झाले आहे. तुमची तपासणी चांगली आली ती मालकांच्या गोळ्यांमुळे. तेव्हा गोळ्या त्यांनी सोडल्या, पण राखण तुमचीही उठली. आता तपासून घ्या, तीन महिन्यांनी पुन्हा तपासा आणि त्यांचा व्हायरल लोड दबल्याचे कागदावर येईपर्यंत निरोध वापरा. नवऱ्याला हे कसे सांगू, असे वाटेल. १९९३ ते १९९६ या काळात पुण्याच्या गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या स्त्रियांची पाहणी झाली होती. त्यांतल्या ज्या शरीरविक्रय करणाऱ्या नव्हत्या, अशांपैकी शंभरात तेरा-चौदा जणींना लागण निघाली आणि त्यांतल्या बहुतेकींचा नवऱ्याशिवाय कोणाशी संबंध आला नव्हता. त्या दवाखान्यात आलेल्या होत्या, सगळ्या समाजाचा हा आकडा नव्हे. तरी संकोचाची किंमत कोण मोजते, ते त्यातून दिसते.

सासूबाईंचे ताट-पेला. विषाणूला आत शिरायला सीडी४वाली पेशी लागते, हे वर पाहिले. तो ताटावर नसतो, पेल्यावर नसतो, एका पंक्तीत जेवल्याने, एका माठातले पाणी प्याल्याने तो जात नाही. माणसाचा पेला वेगळा ठेवणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना आम्ही शिकवावे असे नाही, सासूबाईंनाही त्यांच्या सासऱ्यांच्या वेळच्या गोष्टी आठवत असतील. त्यांना त्याच सांगाव्यात. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. या कारणावरून कोणाला नोकरीवरून काढता येत नाही, संमतीशिवाय तपासणी करता येत नाही आणि बाईला राहत्या घरातून बाहेर घालवता येत नाही. नाव न सांगता काही विचारायचे असेल तर १०९७ या क्रमांकावर फोन मोफत आहे.

जाता जाता, दुसऱ्या एका पत्रातला छोटा प्रश्न. "मुलगा चार वर्षांचा आहे, त्याच्या कागदावर पेशींपुढे टक्के लिहिले आहेत, ते चुकून का?" चुकून नव्हे. लहान मुलांत लिम्फोसाइट मुळातच जास्त असतात आणि वय वाढेल तशी संख्या उतरत जाते, म्हणून पाच वर्षांखाली संख्येपेक्षा एकूण लिम्फोसाइटांपैकी सीडी४वाल्या किती टक्के, हे पाहतात. मागचा कागद आणि हा कागद दोन्ही जपून ठेवा आणि पुढच्या वेळी जाताना दोन्ही बरोबर न्या.